फुलं कोण ठेवतं

धुळ्याच्या देवपुरात आम्हा आठ बायकांची पुस्तक भिशी आहे. पैशांच्या भिशीसारख्याच चिठ्ठ्या टाकतो, पण जिची चिठ्ठी निघेल तिने पुस्तक निवडायचं, आपल्या घरी सगळ्यांना बोलवायचं आणि चर्चेत पहिलं बोलायचं. खाण्याचे पदार्थ दोनच, असा नियम मीच केलाय. नाहीतर चर्चा ढोकळ्याची होते आणि पुस्तक टीपॉयवर तसंच पडून राहतं. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे नियम करायची खोड हाडात मुरली आहे. निवृत्त झाल्यावर ती कुठे जाणार?

मार्चच्या चिठ्ठीत माझं नाव निघालं. मी रद्दीच्या दुकानातून आणलेली एक जुनी कादंबरी निवडली. कुठल्याशा थंड, धुकट मुलखातली इंग्रजी गोष्ट, फार वर्षांपूर्वी कोणीतरी मराठीत आणलेली. मोठं दगडी घर, बिजवर नवरा आणि त्या घरात नव्याने आलेली कोवळी दुसरी बायको. पहिली तापाने गेलेली. तिच्या खोलीला कुलूप आणि कुलपाची किल्ली नवऱ्याच्या मोठ्या बहिणीच्या कमरेला. तरीही रोज सकाळी बागेतून वर पाहिलं की त्या बंद खोलीच्या खिडकीत ताजी फुलं ठेवलेली दिसतात. कोण ठेवतं, कधी ठेवतं, कळत नाही. दुसरी बायको त्या फुलांनी हळूहळू वेडीपिशी होत जाते.

अडचण अशी झाली की प्रत एकच, आणि ही कादंबरी कुठेच मिळेना. आठ जणींनी एकीमागून एक वाचायची तर पावसाळा उजाडला असता. तेव्हा आमच्यातल्या एका ताईंनी, त्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या, चक्क सुरीने शिवण उसवली आणि पुस्तकाचे चार भाग केले. ग्रंथपाल बाईने पुस्तक फाडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हे चार भाग घरोघर फिरू लागले, आणि व्हायचं तेच झालं. कोणाला तिसरा भाग आधी मिळाला, कोणाला चौथा. बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारीणबाईंनी तर शेवटापासून सुरुवात केली. त्यांना फुलं कोण ठेवतं ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण लग्न कसं झालं ते महिनाभर कळलं नव्हतं. भेटल्या की त्या नुसत्या गालात हसायच्या. मला अस्सा राग यायचा.

याच महिन्यात मावशीचे फोन येत होते.

मावशी म्हणजे माझी दुसरी आई. मी सात वर्षांची असताना आई गेली आणि वर्षाच्या आत दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसरं लग्न केलं. धरणगावच्या आमच्या घरात ती आली तेव्हा जेमतेम तेवीसची असेल. मी तिला मावशी म्हणायचं ठरलं, आणि पन्नास वर्षं मावशीच म्हटलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. दुसरेपणावर आलेल्या बायकांच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची आमच्याकडे रीत आहे. नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर बाईची आकृती कोरलेली. मावशीच्या गळ्यात माझ्या आईचा टाक असायचा. दादा गेल्यावर तिचं मंगळसूत्र गेलं, आणि टाक काळ्या दोऱ्यात ओवलेला तसाच राहिला.

तिने मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, माझी शाळा सोडवली नाही. सावत्र आईच्या गोष्टीत जे जे असतं त्यातलं काहीच तिने केलं नाही, म्हणून तिच्यावर राग धरायला मला फार कष्ट पडले. पण मी जिद्दीची. आईची पेटी कोणती, आईचं पाट-पाणी कुठे मांडायचं, आई वरणात काय घालायची, हे मी तिला उठता-बसता सांगायची. सात वर्षांच्या पोरीला आईच्या वरणातलं काय कळतं? पण ती मी सांगेन तसं करायची. माझ्या लग्नातही मांडवात आईचा फोटो मधोमध आणि मावशी खांबाआड.

तर ती फोनवर एकच विचारायची, "आखाजीले येशी ना?"

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण खानदेशात तो नुसता मुहूर्ताचा दिवस नाही. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याच्या नव्या घागरी भरतात. कुंभाराकडची कोरी घागर, तिच्यावर छोटं मातीचं भांडं, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी. आमच्याकडे आईची घागर दादा भरायचे. आता दादांचीच भरायची वेळ आली होती. ही त्यांची पहिलीच. भाऊबंदांनी मावशीला सुचवलं होतं की तुम्ही एकट्या बाईमाणूस कशाला खटाटोप करता, दोन्ही घागरी आमच्याकडे आमच्या घागरींच्या ओळीत मांडू. ते वाईट मनाने म्हणत नव्हते. पण एकदा घागर घरातून गेली की परत येत नाही. मग त्या घराची आखाजी संपली आणि लेकीचं माहेरही संपलं.

"तू उनी नही तं घागरी भाऊबंदना घर जातीन," असं ती म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, बघते, ऊन फार आहे, गुडघा दुखतोय. गुडघा खरंच दुखत होता. पण खरं कारण गुडघा नव्हतं.

खरं कारण बोरकूट होतं. माझ्या आईला बोरकूट फार आवडायचं. वाळलेल्या बोरांची ती आंबटगोड पूड कागदाच्या पुडीत बांधून ती उशाशी ठेवायची आणि मला बोटाने चाटवायची. आईची माझ्याकडे शिल्लक असलेली आठवण म्हणाल तर एवढीच, बाकी सगळं ऐकलेलं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी दादांच्या कानात हे सांगितलं होतं. पुढच्या आखाजीपासून दरवर्षी आईच्या घागरीमागे, पटकन कोणाला दिसणार नाही अशी, बोरकुटाची एक पुडी असायची. मी दादांना त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. ते आमच्या दोघांचं गुपित होतं. माझं लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले, तरी मी दरवर्षी धुळ्याहून जायची, आगारी झाल्यावर, म्हणजे पितरांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकून झाल्यावर, गुपचूप ती पुडी उचलायची आणि मागच्या दारी उभी राहून खायची. दुसरी आली तरी दादा आईला विसरले नाहीत, हा माझ्याकडचा पुरावा होता. आता दादाच नाहीत, तर घागरीमागे पाहायला कशासाठी जायचं? रिकामी जागा पाहून येण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं.

एप्रिलच्या त्या शनिवारी दुपारी चारला आमच्याकडे भिशी जमली. बाहेर रस्ता तापून डांबर मऊ झालेलं. कूलरसमोर सातही जणी दाटीवाटीने बसल्या. पुस्तकाचे चारही भाग एकत्र बांधून मी मध्ये ठेवले होते, हळदीच्या, चहाच्या डागांसकट.

पहिलं बोलायचा मान माझा. मी नणंदेची बाजू घेतली. कादंबरीत शेवटी उलगडतं की फुलं नणंदच ठेवत असते, नव्या नवरीला घाबरवून पळवून लावायला, आणि वाचणारा तिच्यावर थुंकतो. मी म्हटलं की तिचं चुकलं कुठे ते मला दाखवा. घरातलं माणूस गेलं, सहा महिन्यांत नवऱ्याने दुसरी आणली, नोकरचाकर तिला बाईसाहेब म्हणू लागले. मग गेलेलीची आठवण ठेवायला घरात कोणीतरी नको का? ती कडू झाली असेल, पण इमानी होती. नव्या नवरीनेच थोडी जाण ठेवायची होती, की आपण कोणाच्या ताटात जेवतोय.

माझा आवाज जरा चढला असावा. ग्रंथपाल ताई माझ्याकडे चष्म्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या की अहो, त्या पोरीचा गुन्हा काय, ती काय पहिलीला मारून आली होती? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बेल वाजली.

दारात मावशी. डोक्यावर पदर, घामाने कपाळ चिकट, हातात नायलॉनची पिशवी. धरणगावहून एरंडोल, एरंडोलहून धुळ्याची एसटी, स्टँडवरून रिक्षा, हे सगळं त्र्याहत्तराव्या वर्षी भर उन्हात एकटीने करून ती आली होती.

"तुले लेवाले कोनी येनार नही आते," ती म्हणाली. "म्हनीसन मीच मुऱ्हाळी उनू."

माहेरी न्यायला येणारा तो मुऱ्हाळी. भाऊ येतो, बाप येतो, तेही नसले तर चुलतभाऊ. सासरच्या दारात तो आला की लेकीने पिशवी भरायची. बाईमाणूस, आणि तीही सावत्र आई, मुऱ्हाळी होऊन आल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला भरून यायला हवं होतं. खरं सांगते, मला संकोच वाटला. मी तिला आत घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, या धरणगावच्या मावशी. त्यापुढे काही सांगितलं नाही.

ग्रंथपाल ताईंनी उठून तिला कूलरपुढची जागा दिली, कोणी माठातलं पाणी आणलं. मला वाटलं आता ती आत जाऊन पडेल. पण तिने पाणी पिऊन विचारलं की तुम्ही सगळ्या मिळून काय करताय. शेजारीणबाई उत्साहाने गोष्ट सांगू लागल्या. शेवटापासून वाचलेली ही बाई गोष्ट मात्र सुरुवातीपासून, फार छान सांगत होती. दगडी घर, कुलूप, किल्ली, नणंद, खिडकीतली फुलं. मावशी हनुवटीला हात लावून ऐकत होती. फुलांपाशी येऊन शेजारीणबाई थांबल्या आणि म्हणाल्या, आता तुम्ही सांगा अक्का, फुलं कोण ठेवत असेल?

मावशीने फार विचार केला नाही. "दुसरीच ठेवत व्हई," ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. अहो अक्का, तीच तर त्या फुलांना घाबरते, असं कोणीतरी समजावलं. मावशीला ते पटलं नाही. तिने विचारलं, घरात पोर आहे का, पहिलीची? नाही, या गोष्टीत पोर नाही. मग तिने मान हलवली, म्हणजे मग वेगळी गोष्ट झाली.

"पोर राहती तं दुसरीच ठेवती," ती म्हणाली. "पोरले वाटाले पाहिजे, तिन्ही मायले या घरमा कोनी भुलनं नही."

सगळ्यांच्या देखत मी तिला विचारलं, "मावशी, बोरकूट कोण ठेवायचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक असेलच असं ती इतकी वर्षं धरून चालली होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"मंग कोन ठेवी?" ती म्हणाली. "तुन्हा बापले आखाजी कधय शे, तेभी याद ऱ्हाये नही."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवायला गेले असं सगळ्यांना वाटू दिलं. आणि मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगायचं तर मला संताप आला. आधी लाज वाटायला हवी होती, पण आधी संताप आला. एका वाक्यात तिने माझे दादा माझ्याकडून काढून घेतले होते. ज्या पुडीसाठी मी दादांवर पन्नास वर्षं जीव टाकला, ती पुडी त्यांनी कधी पाहिलीही नसेल. मी कानात सांगितलेलं त्यांनी बायकोला सांगून टाकलं असेल आणि कामाला लागले असतील. मी गॅसपुढे उभी राहून मेलेल्या बापावर चिडले.

चहाला उकळी येईपर्यंत मात्र माझं मलाच सगळं दिसायला लागलं. तेवीस वर्षांची बाई, नव्या घरात, गळ्यात सवतीचा टाक. पोरगी धड बोलत नाही. ती बाजारात जाऊन सवतीच्या आवडीचं बोरकूट आणते, पुडी बांधते आणि लपवून ठेवते. आपण ठेवली हे कळलं तर पोरगी हात लावणार नाही, हेही तिला ठाऊक. बरोबरच होतं तिचं. मी हात लावला नसता. कादंबरीतल्या नणंदेची बाजू मी उगाच घेतली नव्हती. आमच्या घरात किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या.

बाहेर आले तर सगळ्यांना कळून चुकलं होतं. ग्रंथपाल ताई मावशीच्या गळ्यातला टाक बोटावर घेऊन पाहत होत्या आणि मावशी त्यांना सांगत होती की मुद्रा झिजली म्हणून दोनदा नवा करून घेतला. मी चहाचा ट्रे ठेवला आणि म्हटलं, मघाशी ओळख नीट करून द्यायची राहिली. ही माझ्या वडिलांची दुसरी बायको, मला हिने वाढवलं. शेजारीणबाई रडायला लागल्या. त्या एरवीही लवकर रडतात. पुस्तकाची चर्चा तिथेच संपली आणि दोन पदार्थांचा नियमही त्या दिवशी मोडला. मावशीच्या पिशवीत सांजोऱ्या होत्या.

सगळ्या गेल्यावर मी तिला विचारलं की इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंस.

"तू बापवर जीव लावे," ती म्हणाली. "त्यामा मन्हं काय जाये?"

तिच्या आवाजात टोचणी नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. मी पिशवी भरायला घेतली.

आखाजीच्या दिवशी सकाळी धरणगावच्या घरात आम्ही दोघींनी जागा सारवली. फरशी आहे, तरी तेवढा कोपरा ती शेणाने सारवते. भाऊबंदांपैकी एक नाना येऊन डोकावून गेले. मला पाहून म्हणाले, बरं झालं, लेक आली. घागरी कोणी भरायच्या, बाईने भराव्यात का, यावर ते काही बोलले नाहीत. डांगर मात्र स्वतः निवडून आणून दिलं. दादांची घागर मावशीने भरली आणि आईची मी भरली. बाजारातून येताना बोरकूट मी आणलं होतं. पुडी बांधली आणि घागरीमागे न ठेवता पुढे, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मावशीने ती जरा सरळ केली.

आगारी झाली, नैवेद्य झाला. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. बाहेर निंबाला कोणाच्या तरी लेकींचे झोके चालू होते. पुरणाने अंगाला सुस्ती आलेली. ती घागरींकडे पाहत होती. अगदी सहज, दळण आणायला सांगावं तशी ती म्हणाली, "मन्ही घागर भी तूच भरजो."

एवढ्यासाठी ती उन्हातून आली होती. पोटचं कोणी नाही, आणि जिला वाढवलं तिने कधी आई म्हटलं नाही. आपल्या नावाचं पाणी कोण भरणार, हे विचारायला तिने घागरी भाऊबंदांकडे जाण्याचं निमित्त केलं होतं. मी म्हटलं, भरेन. माझ्याच घरी भरेन, देवपुरात. माझ्यामागे माझ्या मुली भरतील, मी त्यांना सांगून ठेवीन. मी आणखीही बरंच बोलले असेन, कारण ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बस झालं म्हणाली.

मग मी विचारलं, "आणि घागरीपाशी काय ठेवू? तुला काय आवडतं?"

विचारलं आणि माझं मलाच कळलं की मला हे माहीत नाही. आईला मी सात वर्षं पाहिलं, तिची आवड मला पाठ आहे. हिच्या हातचं पन्नास वर्षं खाल्लं आणि हिला काय आवडतं हे मला ठाऊक नाही. मला रडू आवरेना.

"माले?" ती म्हणाली. तिला प्रश्न कळला होता. ती उत्तर शोधत होती. तिने दादांच्या घागरीकडे पाहिलं, आईच्या घागरीकडे पाहिलं, आणि ओशाळं हसली.

"इचार करीसन सांगसू," ती म्हणाली.

त्यानंतर मी दर रविवारी फोन करते आणि विचारते. अजून तिला सांगता आलेलं नाही.